मदत हवी: ईपीएबीएक्स डिफॉल्ट करण्याआधी सध्याचं सेटिंग वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्याला छोटं प्रसूतिगृह आहे, तिथलं ऑफिस मी सांभाळते. फोनसाठी जुना ॲनालॉग ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइन आतल्या फोनना जोडून देणारी सिस्टिम) आहे, बाहेरच्या चार लाइन आणि सोळा एक्स्टेंशन. दिवसा कॉल रिसेप्शनला येतात. रात्री दहानंतर आधी नर्सेस स्टेशन, तिथे कुणी उचललं नाही तर लेबर रूम, मग वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे. कळा सुरू झालेल्या बाईच्या घरचे रात्री दोनला याच नंबरवर फोन करतात, म्हणून हे सेटिंग जायला नको.

हल्ली लाईट जाऊन आली की सिस्टिमचं घड्याळ भलतंच होतं. नाइट मोड भर दुपारी लागतो आणि रात्री फोन बंद रिसेप्शनवर वाजत राहतो. सध्या सिस्टर रोज हाताने मोड बदलतात.

सिस्टिम बसवणाऱ्यांनी हा धंदाच सोडला. प्रोग्रामिंगचा पासवर्ड कुणाकडे नाही. नवे टेक्निशियन म्हणतात, डिफॉल्ट मारू, म्हणजे सगळं पुसून कारखान्यातल्यासारखं करू, आणि सगळं नव्याने भरू. पण नव्याने काय भरायचं हे कुठेच लिहिलेलं नाही! आत्ता जे आहे ते आधी काढून ठेवता येईल का?

रबाळेकर: ताई, डिफॉल्ट आत्ता अजिबात मारू देऊ नका. लक्षणं मेन कार्डावरचा, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरचा, लाईट नसताना घड्याळ चालवणारा बटण सेल संपल्याची दिसतात, आणि डिफॉल्ट मारून सेल काही बरा होणार नाही. पुष्कळ जुन्या सिस्टिममध्ये प्रोग्रामिंगसुद्धा त्याच सेलच्या जिवावर टिकतं, म्हणून लाईट गेली तरी सिस्टिम बंद पडू नये यासाठी आज आधी यूपीएसची बॅटरी तपासून घ्या. पासवर्ड बऱ्याच ठिकाणी कारखान्यातून आलेलाच राहिलेला असतो. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

आत शिरता आलं तर कंपनीच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरने डेटा सिस्टिमकडून कॉम्प्युटरकडे घ्यायचा. दिशा दोनदा वाचून मगच बटण दाबायचं. उलटं दाबलं तर कॉम्प्युटरमधली कोरी फाइल चालू सेटिंगवर बसते. असं झालेलं मी एमआयडीसीत पाहिलंय, अख्ख्या ऑफिसचे नंबर गेले होते.

खोपट_टेलिकॉम: वरच्याशी सहमत. तरीही कागदावर लिहून काढाच, कारण फाइल साधारणपणे त्याच मॉडेलवर आणि जुळणाऱ्या व्हर्जनवरच चढते. कार्ड जळून दुसरी सिस्टिम आणावी लागली तर कागदच कामाला येईल. प्रत्येक फोनपाशी जाऊन त्याचा नंबर, त्यावरून शून्य लागतं का (शून्य दाबून बाहेरची लाइन मिळते का), एसटीडी बंद आहे का, हे टिपा. मग मोबाइलवरून चारही लाइनवर एकेक कॉल करा, एकदा डे मोडमध्ये, एकदा नाइटमध्ये. कुठे वाजतं, किती रिंगनंतर पुढे जातं, हेही लिहा.

‘आपण अमुक प्रसूतिगृहात फोन केला आहे’ असा रेकॉर्ड केलेला आवाज असेल तर तो पुष्कळदा बॅकअप फाइलमध्ये येत नाही. तो मोबाइलवर वेगळा रेकॉर्ड करून ठेवा.

प्रश्नकर्ती: दोघांचे मनापासून आभार. मॅन्युअलमधला पासवर्ड चालला! फाइल घेतली, एक प्रत डॉक्टरांच्या लॅपटॉपवरही ठेवली. यादी सिस्टर आणि मी मिळून करतोय. सेल बदलताना सिस्टिम बंद करावी लागली तर तेवढा वेळ पेशंटचे फोन कसे घ्यायचे?

रबाळेकर: मुख्य नंबरची लाइन ईपीएबीएक्समधून काढून थेट साध्या फोनला जोडा आणि तो फोन नर्सेस स्टेशनवर ठेवा. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी काम उरका, आणि सेल घालायच्या आधी टेक्निशियनला मीटर लावून बघायला सांगा. नवा सेल साधारण ३ व्होल्ट दाखवतो. सिस्टिम चालू झाली की आधी घड्याळ लावा, मग यादी हातात घेऊन नाइट मोडचा प्रत्येक कॉल करून बघा. काही उडालेलं दिसलं तरच फाइल परत चढवा.