बी न्युएन यांनी आमदारकी सोडून चूक केली का?

पारावरचा (धागाकर्ता):
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या डेमोक्रॅट नेत्या बी न्युएन यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. आईवडील व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले. यांचा जन्म आयोवातला, लहानपण जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात गेलं. 2009 साली त्यांनी 'अथीनाज वेअरहाऊस' ही सेवाभावी संस्था काढली. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या निरोपाच्या नाचाला, घालायचा झगा अनेक मुलींना परवडत नाही. तिथून काम सुरू झालं आणि पुढे वाढत गेलं. डिसेंबर 2017 मध्ये पोटनिवडणूक जिंकून त्या आमदार झाल्या. जॉर्जियाच्या विधिमंडळातल्या त्या पहिल्या व्हिएतनामी-अमेरिकन. मतदारसंघ 89, डेमोक्रॅट नेत्या स्टेसी एब्रम्स यांनी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवायला सोडलेला. 2022 ला न्युएन यांनीही तो सोडला, सेक्रेटरी ऑफ स्टेटची, म्हणजे राज्यातल्या निवडणुका सांभाळणाऱ्या पदाची निवडणूक लढवली आणि त्या पदावर आधीपासून असलेल्या रिपब्लिकन ब्रॅड राफेन्सपर्गर यांच्याकडून साधारण 9 टक्क्यांनी हरल्या.

माझं मत: लढल्या ते योग्यच केलं. डिसेंबर 2020 मध्ये विधिमंडळाच्या समितीसमोर एक यादी आली. हे लोक दुसऱ्या राज्यात राहतात आणि तरी त्यांनी नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जियात मत दिलं, असा दावा होता. न्युएन यांनी त्यातली नावं घेऊन मालमत्ता कराच्या नोंदी तपासल्या, काही मतदारांशी स्वतः संपर्क साधला, आणि ही माणसं जॉर्जियाचीच रहिवासी आहेत हे यादी आणणाऱ्याला समितीतच ऐकवलं. ज्या बाईने मतदार यादी अशी नावागणिक तपासली, तिने ते खातंच मागितलं तर त्यात गैर काय?

ठाम_विरोधी:
गैर नाही, पण चुकीच्या माणसासमोर उभ्या राहिल्या. 2 जानेवारी 2021 ला, जॉर्जियात थोडक्यात हरलेल्या ट्रम्प यांनी निकाल फिरवायला फोन करून 11,780 मतं शोधा म्हटलं, तेव्हा नाही म्हणणारे राफेन्सपर्गरच होते. त्यांना डेमोक्रॅट मतदारांचीही मतं मिळणार हे उघड होतं. हातातली सुरक्षित जागा सोडून हरणारी लढाई घेतली, यात त्या मतदारसंघाचं काय भलं झालं?

पारावरचा:
फोनवर नाही म्हटलं, त्याचं श्रेय त्यांना आहेच. पण 2021 च्या एसबी 202 या राज्याच्या निवडणूक कायद्याचं समर्थनही त्यांनीच केलं. त्या कायद्याने ड्रॉपबॉक्स, म्हणजे भरलेली मतपत्रिका टाकायच्या पेट्या, कमी केले, आणि मतदान केंद्राच्या 150 फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला पाणी देणं गुन्हा ठरवलं. एकदा ताठ उभं राहिलं म्हणून पुढे कुणी विरोधात उभंच राहायचं नाही का?

ठाम_विरोधी:
त्याच कायद्याने सेक्रेटरी ऑफ स्टेटला राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून काढलं, हे विसरलात. म्हणजे पद आधीच अर्धं पोकळ झालेलं. त्यासाठी आमदारकी सोडली!

जॉन्सक्रीककर:
मी अटलांटाच्या उत्तरेला राहते. मार्च 2021 मध्ये इथल्या स्पांमध्ये, म्हणजे मसाज केंद्रांमध्ये, गोळीबार होऊन 8 जण गेले, त्यातल्या 6 आशियाई बायका. तो आठवडा आमच्या घरात कसा गेला ते लिहिणं कठीण आहे. माझी मुलगी रात्री विचारत होती, आपणही आशियाईच ना? तेव्हा न्युएन टीव्हीवर येऊन बोलत होत्या. माझा मतदारसंघ त्यांचा नाही, तरी विधिमंडळात आपली बाजू समजणारं कुणीतरी आहे एवढा आधार वाटला. म्हणूनच मला त्या तिथेच राहायला हव्या होत्या. पारावरचा, तुमचं म्हणणं पटतं, पण रिकाम्या खुर्चीचं दुःख आम्हाला झालं.

हिशेबी:
एक व्यावहारिक मुद्दा कुणी काढला नाही. जॉर्जियाच्या आमदाराला त्या काळी वर्षाला जेमतेम 17 हजार डॉलर मिळायचे. अधिवेशन 40 दिवसांचं. प्रतिनिधीगृह 2005 पासून रिपब्लिकनांकडे. विरोधी बाकावरच्याचं विधेयक समितीतच बसून राहतं. संस्था चालवलेल्या माणसाला काम झालेलं दिसायला लागतं, तो अशा जागी किती वर्षं काढेल?

ठाम_विरोधी:
मग संस्थाच चालवायची होती. संस्था उभी करणारा निघून गेला की मागे काय उरतं, ते आपल्याकडेही गावोगावी पाहिलंय.

हिशेबी:
संस्थेने झगा मिळेल, कायदा बदलणार नाही. 2018 मध्ये जॉर्जियात 53 हजार मतदार नोंदण्या अडकल्या होत्या, बहुतेक कृष्णवर्णीयांच्या. नावातलं एखादं अक्षर किंवा जोडरेघ सरकारी नोंदीशी जुळली नाही की नोंदणी लटकायची. तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रायन केम्प स्वतःच गव्हर्नरपदाचे उमेदवार होते. हे विधिमंडळात मांडणाऱ्यांत न्युएन होत्या, आणि 2019 मध्ये तो नियम सैल झाला. संस्थेत राहून हे कुठून जमलं असतं?

ठाम_विरोधी:
म्हणजे जे जमलं ते आमदार असतानाच जमलं. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.