लायसन्स शुल्क शून्य असलेले ईआरपी प्रत्यक्षात कितीला पडते?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील (कोल्हापूर) उद्योजक

नमस्कार. आमचा मशीनिंगचा कारखाना आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग (ओतीव भाग) घ्यायचे, त्यावर टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग करायचे आणि पुण्याच्या ग्राहकांना तयार नग पाठवायचे, असे आमचे काम चालते. संस्था प्रायव्हेट लिमिटेड आहे, उलाढाल सहा कोटींच्या थोडी वर आहे आणि कार्यालय व कामगार मिळून ३८ माणसे आहेत. आज हिशेब टॅलीत, साठा एक्सेलमध्ये आणि बाहेर जॉबवर्कला (दुसऱ्या कारखान्याकडून काम करून घ्यायला) जाणाऱ्या मालाची नोंद हाताने भरलेल्या चलन-पुस्तकात असते. महिनाअखेरीस या तिन्हींचा मेळ बसत नाही. गेल्या मार्चमध्ये साठा मोजताना एका हाउसिंगचे ८५ नग कागदावर होते आणि रॅकवर नव्हते. ते पावडर कोटिंगवाल्याकडे पडून असल्याचे नऊ दिवसांनी कळले.

आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एकात दर वापरकर्त्यामागे दरवर्षी शुल्क आहे. दुसरा ईआरपीनेक्स्ट या ईआरपीचा, म्हणजे हिशेब, साठा, खरेदी-विक्री एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीचा असून त्यात लायसन्सपुढे शून्य लिहिले आहे आणि फक्त उभारणी व प्रशिक्षणाचे पैसे मागितले आहेत. धाकट्या भावाचा कल दुसऱ्याकडे आहे. माझा विरोध नाही, पण प्रस्तावात न लिहिलेला खर्च दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोठून निघतो आणि जोखीम नेमकी कोणती, हे ज्यांनी स्वतः वापरले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १ : गोकुळ शिरगाव येथील कारखानदार

आमच्याकडे ईआरपीनेक्स्ट चार वर्षे चालू आहे आणि ते सोडण्याचा विचार नाही, हे आधी सांगतो. लायसन्सपुढचे शून्यही खरे आहे. ही प्रणाली जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मिळते, कितीही माणसांनी वापरली तरी त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र ती कोणत्याही हमीविना दिली जाते, असेही त्याच परवान्यात स्पष्ट लिहिलेले आहे. ती नीट चालावी याची जबाबदारी कोणीतरी पैसे घेऊन उचलायची असते, आणि तो कोणीतरी कोण हे ठरवल्याशिवाय आम्ही सुरुवात केली, ही आमची चूक झाली.

पहिला मोठा खर्च आमच्या कामाच्या पद्धतीमुळे आला, आणि तो आपल्यालाही येईल. कास्टिंग आपण किलोवर घेतो आणि नगांवर वापरतो. प्रणालीत एका नगाचे वजन ठरवून किलोचे नग करता येतात. पण एका लॉटमध्ये नग ४.२ किलोचा भरतो, तर दुसऱ्यात ४.३५ किलोचा. ६०० किलोची आवक झाली की संगणक १४३ नग दाखवतो आणि रॅकवर १३८ असतात. हा पाच नगांचा फरक दर आवकेला साचत गेला, तेव्हा आमच्या स्टोअरकीपरने पुन्हा स्वतःची वही सुरू केली. शेवटी आवकेच्या नोंदीत मोजलेले नग आणि काट्यावरचे वजन दोन्ही भरायचे, साठा नगांवर ठेवायचा आणि बिल मात्र किलोवर तपासायचे, अशी रचना करून घ्यावी लागली. मूळ उभारणीला जेवढे दिवस लागले होते, त्याहून अधिक दिवस या एका बदलाला लागले.

दुसरी गोष्ट मागील तारखेच्या नोंदींची. जॉबवर्कचे चलन त्या दिवशी भरायचे राहिले आणि चार दिवसांनी मागील तारखेने भरले, की प्रणाली त्या तारखेपासून पुढच्या सगळ्या व्यवहारांचे साठा-मूल्य नव्याने मोजते. ते योग्यच आहे. परंतु महिनाअखेरीस अशी पन्नास चलने एकदम भरली गेली की छोटा सर्व्हर त्या मोजणीत अडकतो आणि ती पूर्ण होईपर्यंत नफ्याचा आकडा दर तासाला बदललेला दिसतो. आम्ही स्वस्तातला सर्व्हर घेतला होता, तो सहा महिन्यांत बदलावा लागला. ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या तारखेची नोंद रोखण्याची सोय प्रणालीतच आहे. ती पहिल्या दिवसापासून सुरू करा, आणि चलन त्याच दिवशी भरण्याची शिस्त कोणाच्या गळ्यात घालायची तेही तेव्हाच ठरवा.

आता सर्वांत महाग पडलेला प्रसंग. आमच्या पहिल्या सेवापुरवठादाराने डिलिव्हरी चलनावर हीट नंबर (कास्टिंग कोणत्या वितळणीतले हे सांगणारा क्रमांक) छापण्याची सोय करून दिली होती, आणि ती त्याने प्रणालीच्या मूळ फाइलींमध्येच हात घालून केली होती. आम्हाला त्यातले काहीच कळत नव्हते. दीड वर्षाने तो फोन उचलेनासा झाला. नव्या माणसाने सुरक्षेसाठी प्रणाली अद्ययावत करायला घेतली, तेव्हा मूळ फाइली बदललेल्या असल्याने काम मध्येच थांबले. त्याने सर्व फाइली मूळ स्थितीला आणून ते पुढे रेटले आणि हीट नंबर त्याबरोबर पुसला गेला. सकाळी पुण्याला गेलेला आमचा टेम्पो ग्राहकाच्या गेटवर संध्याकाळपर्यंत उभा होता, कारण हीट नंबर नसलेले चलन तिथे स्वीकारत नाहीत. प्रत्येक बदल स्वतंत्र ॲपमध्येच करायचा, मूळ फाइलींना हात लावायचा नाही आणि त्या ॲपचा कोड कंपनीच्या नावच्या खात्यात ठेवायचा, हे करारात लिहून घ्या. पुरवठादार कुरकुर करील, पण लिहून घ्या.

माणसाचा खर्च तर कोणत्याच प्रस्तावात नसतो. आमच्याकडे हिशेब विभागातील एका मुलीने ही प्रणाली आतून-बाहेरून शिकून घेतली होती आणि सगळे तिच्यावर अवलंबून होते. तिला पुण्यात चांगली नोकरी मिळाली, त्याचा आनंदच झाला. पण पुढचे तीन महिने आम्ही चाचपडत होतो. दोन माणसे तयार करा.

प्रतिसाद २ : सनदी लेखापाल, सांगली

आपली संस्था प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणून काही बाबी निवडीच्या आधीच पाहाव्या लागतील. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीने हिशेबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरायचे आहे, ज्यात प्रत्येक व्यवहारातील प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात यावर भाष्य करावेच लागते. ईआरपीनेक्स्टसोबत भारतीय करांसाठी वापरले जाणारे इंडिया कम्प्लायन्स हे ॲप ही नोंद सुरू करण्याची सोय देते आणि एकदा सुरू केल्यावर ती बंद करता येत नाही. प्रश्न त्याच्या खालच्या थरात उरतो. सर्व्हर तुमचा असला की ज्याच्याकडे डेटाबेसचा पासवर्ड आहे, तो पडद्यावर न येता थेट तक्त्यात आकडा बदलू शकतो आणि वरच्या नोंदीत त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून तो पासवर्ड कोणाकडे आहे, तिथे कोण कधी शिरला याची नोंद ठेवली जाते का, हे मी आता प्रत्येक अशिलाला विचारतो. बहुतेक ठिकाणी तो पासवर्ड उभारणी करणाऱ्या माणसाकडेच राहिलेला असतो. हे मला फार गंभीर वाटते.

हिशेबाच्या पुस्तकांची प्रत दररोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणेही २०२२ पासून बंधनकारक आहे. स्वस्त मिळतो म्हणून परदेशातला सर्व्हर घेतला, तर इथे रोज प्रत ठेवण्याचा खर्च त्यात मिळवा.

ई-इन्व्हॉइससाठी (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) उलाढालीची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी झाल्याने आपण त्यात येताच. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ५०० कोटींवर होती. तीन वर्षांत पाच वेळा खाली आली. नियम असे बदलत राहतात आणि प्रत्येक बदलाबरोबर प्रणाली अद्ययावत करणे ओघाने येते. वार्षिक शुल्काच्या सॉफ्टवेअरमध्ये ते काम विक्रेता करतो. इथे मूळ ॲपमध्ये बदल झाला तरी तो तुमच्या सर्व्हरवर आणून, तपासून चालू करण्याचे काम तुमच्या माणसाचे असते. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला नाही, तर ज्या दिवशी तो बाहेर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे जीएसटी कायदा मानतो. आपले ते ८५ नग नऊ दिवसांत सापडले. बाहेर किती माल किती दिवस आहे हे दाखवणारा अहवाल प्रात्यक्षिकात मुद्दाम मागा.

टॅलीतील जुना डेटाही टाकून देता येणार नाही. कंपनी कायद्याप्रमाणे आठ वर्षांची पुस्तके जपावी लागतात, त्यामुळे काही वर्षे दोन्ही प्रणाली उघडता येतील अशी व्यवस्था ठेवावी लागेल.

प्रतिसाद ३ : सर्व्हर-व्यवस्थापक, पुणे

मी अशा प्रणाली सांभाळण्याचे काम करते. बॅकअपविषयी लोक फार लवकर निश्चिंत होतात, म्हणून तेवढेच सविस्तर लिहिते.

ईआरपीनेक्स्टचा नेहमीचा बॅकअप त्याच सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये साठतो. सर्व्हर गेला, किंवा खंडणीखोर व्हायरसने सगळे कुलूपबंद केले, तर बॅकअपही त्याच्याबरोबर जातो. शिवाय साध्या आदेशाने डेटाबेसची प्रत निघते, पण जोडलेल्या फाइलींची नाही. ड्रॉइंग, तपासणी अहवाल, ग्राहकांच्या ऑर्डरी अशा फाइली घेण्यासाठी आदेशात तसे वेगळे सांगावे लागते. तिसरी वस्तू म्हणजे साइटच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील गुप्त किल्ली. ती हरवली, तर बाकीचा डेटा परत मिळूनही ई-मेल, ई-इन्व्हॉइस यांचे साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत आणि सगळे नव्याने भरत बसावे लागते. या तिन्ही गोष्टी दुसऱ्या ठिकाणी रोज जातात का, एवढे विचारा.

सुरक्षेबाबत एक उदाहरण देते. अपाची ओएफबिझ ही अशीच ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली व्यवसाय-प्रणाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिच्यातील एक गंभीर त्रुटी बुजवली गेली, पण मूळ कारण शिल्लक राहिल्याने त्याच महिन्यात पासवर्डशिवाय आत शिरण्याचा आणखी एक मार्ग उघडकीस आला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्यातल्याच दुसऱ्या एका त्रुटीचा हल्लेखोर वापर करत असल्याचा इशारा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने दिला. दुरुस्ती प्रत्येक वेळी उपलब्ध होती. धोका होता तो ज्यांच्याकडे ती लावणारे कोणी नव्हते त्यांना. कोड सर्वांना दिसतो म्हणून प्रणाली असुरक्षित ठरते असे मला वाटत नाही. दुरुस्ती जाहीर झाली की त्रुटीही जाहीर होते आणि तिथून घड्याळ सुरू होते, एवढे मात्र खरे.

मोठ्या आवृत्त्यांचेही तसेच आहे. २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती १४ मध्ये पगार व मनुष्यबळाचा आणि भारतीय करांचा भाग मूळ प्रणालीतून काढून स्वतंत्र ॲप करण्यात आले. ज्यांनी आवृत्ती १३ वर बरेच बदल करून घेतले होते, त्यांच्यासाठी हा छोटा प्रकल्पच झाला. दर दोन-तीन वर्षांनी अशा कामासाठी काही दिवस आणि पैसे बाजूला काढा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. हीट नंबरचा प्रसंग वाचून आमचे चलन डोळ्यांसमोर आले. आमचे ग्राहकही त्याशिवाय माल घेत नाहीत. दोन शंका आहेत. एका मित्राने ओडू हे दुसरे ईआरपी सुचवले आहे, तेही मोफत आहे का? आणि आम्ही पैसे देऊन करून घेतलेल्या बदलांचा कोड आपोआप आमचा होतो ना?

प्रतिसाद ३ : सर्व्हर-व्यवस्थापक, पुणे

ओडूच्या दोन आवृत्त्या आहेत. कम्युनिटी ही मुक्त आहे आणि एंटरप्राइज सशुल्क. संपूर्ण हिशेब विभागासह बरेच काही सशुल्क आवृत्तीत आहे, त्यामुळे प्रात्यक्षिक कोणत्या आवृत्तीवर दाखवले जात आहे हे तिथेच विचारा. जुन्यावरून नव्या आवृत्तीवर नेण्याची कंपनीची सेवाही सशुल्क ग्राहकांनाच आहे. कम्युनिटीवाल्यांना स्वयंसेवकांनी बनवलेल्या साधनांवर अवलंबून राहावे लागते. शिवाय मुक्त आवृत्ती कायम मिळत राहील असे गृहीत धरू नका. ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या शुगरसीआरएम या प्रणालीच्या कंपनीने २०१४ मध्ये आपल्या मुक्त आवृत्तीचे पुढचे काम थांबवल्याचे जाहीर केले. तिच्यापासून निघालेले सुइटसीआरएम होते, म्हणून अनेकांची सोय झाली, पण स्थलांतराचे श्रम ज्याचे त्यालाच करावे लागले.

कोड आपोआप तुमचा होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा तोच असतो, आणि मालकी तुमच्याकडे यायची तर ती लेखी हस्तांतरित व्हावी लागते. जीपीएलमुळे तुम्हाला दिलेल्या प्रणालीचा स्रोत मागण्याचा हक्क मिळतो, पण भांडण झाल्यावर तो मागत बसण्यापेक्षा दर महिन्याला तुमच्या खात्यात जमा होईल असे ठरवलेले बरे.

प्रतिसाद १ : गोकुळ शिरगाव येथील कारखानदार

ताईंच्या बॅकअपच्या मुद्द्यात आमची पद्धत जोडतो. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी, वीज खंडित असते त्या दिवशी, आम्ही आदल्या रात्रीचा बॅकअप कार्यालयातील एका वेगळ्या लॅपटॉपवर चढवतो. मग स्टोअरकीपर रॅकवरचे कोणतेही तीन नग निवडतो, त्यांचा साठा लॅपटॉपवर पाहतो आणि हाताने मोजून ताडतो. पहिल्या वेळी जोडलेली ड्रॉइंगे उघडलीच नाहीत, कारण फाइली बॅकअपमध्ये येतच नव्हत्या. तोपर्यंत दोन वर्षे आम्ही निर्धास्त होतो. तुमचा करार अंतिम होण्याआधी ही चाचणी पुरवठादाराकडून एकदा तुमच्यासमोर करून घ्या. पाहायचे असेल तर पुढच्या वेळी आमच्याकडे या, शिरोलीहून काही लांब नाही.