मदत हवी आहे: व्हिडिओ काढणारा कॅमेरा घ्यावा की वेगळा हँडीकॅम?

पार्लेकर_बाबा: दोन दिवस यूट्यूब बघून डोकं भणभणलंय. शनिवारी फोर्टात जाऊन घेऊनच यायचंय. एका वाक्यात सांगा, प्लीज.

खादाड_गिरगावकर: बजेट? कशाचं शूटिंग? बोरा बाजारात जाणार असाल तर पक्कं बिल घ्या, नाहीतर वॉरंटीच्या नावाने बोंब.

पार्लेकर_बाबा: 50 हजारांपर्यंत. घरगुतीच आहे हो.

निवांत: घरगुती तर मोबाईल. विषय संपला.

तिसरी_घंटा: मोबाईलने मागच्या रांगेतून झूम करून बघा एकदा, माणसं मेणाची दिसतात. बाबा, सलग किती वेळ काढायचंय? कुठे?

पार्लेकर_बाबा: मुलीचं अरंगेत्रम आहे, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला एकल कार्यक्रम, पार्ल्यातल्या दीनानाथ नाट्यगृहात. दोन तास. मागे क्लासच्या कार्यक्रमात भावाचा डीएसएलआर लावला, तर ऐन वर्णम (नाचातला मुख्य, लांबलचक भाग) रंगात आलं आणि तो आपोआप बंद! मी शेजारीच बसलेलो, पण डोळे स्टेजवर. स्क्रीनवरचा लाल ठिपका गेलेला कळलाच नाही.

तिसरी_घंटा: हे आधी सांगायचं ना! बिघाड नसेल तो. सलग 30 मिनिटं रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून जादा आयातशुल्क लागायचं, म्हणून कंपन्या 29 मिनिटं 59 सेकंदांवर तोडायच्या. काही तर तापूनही बंद पडतात. मी एकांकिका शूट करतो, हँडीकॅमच. चार्जर लावून ठेवा, झूमही धक्का न बसता होतो.

फोकसखान: हँडीकॅमचा सेन्सर नखाएवढा, लाईट मंद झाले की चित्रात नुसत्या मुंग्या. मिररलेस कॅमेरा आणि कमी उजेडात चालणारी, बिनझूमची 50 एमएम 1.8 लेन्स घ्या. नव्या बऱ्याच मॉडेल्सना ती अर्ध्या तासाची मर्यादा नाही.

तिसरी_घंटा: मागच्या रांगेतून 50 एमएमने मुलगीच मुंगीएवढी दिसेल!

शमाताई: तुमच्या भांडणात आवाज राहिला. कॅमेऱ्याच्या माईकवर शेजारच्यांचा खोकलाच जास्त येतो. साऊंडवाल्याकडून लाईन (त्याच्या मिक्सरमधून थेट आवाजाची वायर) मागा आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या. शटर स्पीड 1/50 सेकंद ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर काही दिव्यांखाली पट्टे येतात. आणि एका संध्याकाळसाठी 50 हजार कशाला? हँडीकॅम भाड्याने आणा, आदल्या दिवशी घरी दोन तास चालवून बघा.

खादाड_गिरगावकर: दीनानाथला मध्यंतरात वडा मिळतो ना अजून?

पार्लेकर_बाबा: मिळतो. शमाताई, भाड्याचं डोक्यातच आलं नव्हतं, तेच करतो. पण मग मे महिन्यात काश्मीरला काय नेऊ?

निवांत: मोबाईल.