अनुभव धागा: नवं कन्सोल घेतलंत की गेमिंग पीसी? वर्षभर वापरल्यावर काय वाटतं?

धाकट्याची बारावी संपली. मार्क कितीही पडोत, परीक्षा झाली की खेळायचं यंत्र घेऊ, असा शब्द मी त्याला दिला होता आणि तो पाळायचा आहे. टीव्हीला जोडायचं कन्सोल घ्यावं की गेमिंग पीसी, हे ठरत नाहीये. ऐंशी हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. गेले तीन आठवडे आम्ही दोघं ठाण्यातल्या घरी बसून व्हिडिओ बघतोय. फ्रेम रेट, टेराफ्लॉप, फोर के सगळं तोंडपाठ झालं. पण दीड वर्षानंतर ते यंत्र घरात कुठे असतं, कोण वापरतं आणि पहिल्या बिलानंतर आणखी किती पैसे जातात, हे कुठल्याच व्हिडिओत सापडलं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

काय घेतलंत, केव्हा, कितीला आणि आज पुन्हा घ्यायचं झालं तर काय घ्याल, एवढं लिहा. वर आपल्या गावाचं नाव टाका. कन्सोलवाले विरुद्ध पीसीवाले असं भांडण मात्र नको.

सुरुवात माझ्यापासून. थोरल्याने आमच्या जुन्या पीसीवर ईए क्रिकेट ०७ इतकं खेळलंय की त्याचा कीबोर्ड मी अजून जपून ठेवलाय. तो गेम २००६चा, पण हौशी लोक आजही त्याचे नवे संघ, नव्या जर्सी तयार करतात. पीसीकडे माझा ओढा आहे तो त्यामुळे.

पुणे, कोथरूड

पीएस ५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला, डिस्कवाला ४९,९९०ला. प्री-ऑर्डर मिनिटांत संपायच्या. मी पाच वेळा हुकलो. एका दुकानात सांगितलं, दोन गेम आणि जादा कंट्रोलर घेतलात तरच मिळेल. मी नाही म्हटलं आणि ऑगस्टपर्यंत थांबलो.

खरा खर्च नंतर कळला. मोठे नवे गेम तेव्हा ४,९९९ला. पहिल्या वर्षी चार घेतले, म्हणजे वीस हजार. मग पद्धत बदलली: नवी डिस्क घ्यायची, तीन-चार आठवड्यांत संपवायची, लगेच विकायची. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक हा गेम ४,९९९ला घेऊन ३,६००ला विकला. म्हणजे महिनाभराचा आनंद चौदाशे रुपयांत. डाउनलोड केलेला गेम असा विकता येत नाही, म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, कन्सोल घ्याल तर डिस्क ड्राइव्हसकट घ्या. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमना वार्षिक सदस्यत्व लागतं, तेही हिशोबात धरा.

पुन्हा घेईन का? हो. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोरच असतो. घरी आल्यावर सोफ्यावर बसून एक बटण दाबायचं आणि काल जिथे थांबलो तिथून पुढे. ड्रायव्हर अपडेट नाही, सेटिंग नाही. मला याची किंमत फार वाटते.

मुंबई, गिरगाव

मी २०२१च्या सप्टेंबरमध्ये लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून घेतला, तोही ग्राफिक्स कार्डाशिवाय, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या भागाशिवाय. त्या वेळी क्रिप्टो मायनिंगमुळे (लोक हीच कार्डं लावून आभासी चलन कमवायचे) कार्डांचे भाव दुपटीच्या घरात होते. तेव्हा रायझन ५ ५६००जी नुकताच आला होता. त्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असतं. त्यावर व्हॅलोरंट आणि जुने गेम मजेत चालले. नव्या मोठ्या गेमकडे वर्षभर बघितलंच नाही.

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग कायमचं बंद झालं आणि कार्डांचे भाव खाली आले. दिवाळीत आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं, आणि कॅबिनेट उघडून स्वतः बसवलं. टप्प्या-टप्प्याने वाढवता येणं हे पीसीचं सगळ्यात मोठं सुख आहे असं मी मानतो. गेमही स्टीम या ऑनलाइन दुकानावर सेलमध्येच घेतो, यूपीआयने पैसे देतो. हॉरायझन, गॉड ऑफ वॉर हे सोनीचे गेमही पीसीवर आले, फक्त काही वर्षं थांबावं लागलं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुकानदाराने कोटेशनमध्ये एका कंपनीचा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) लिहिला आणि बसवला दुसराच, हलका. आठ महिन्यांत तो गेला. बिल एकत्रित होतं, सुट्या भागांची नावं नव्हती, त्यामुळे वॉरंटी मिळाली नाही. प्रत्येक भागाचं नाव आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. समोर उभं राहून खोके उघडून घ्या.

*(धागाकर्ता: हे फार मोलाचं आहे. वहीत लिहून ठेवलं.)*

बार्शी

आमच्याकडे वीज जाते-येते. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, तो यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या त्या क्षणात पीसी रीस्टार्ट होतो आणि डोळ्यांदेखत मॅच जाते. शिवाय स्वस्त यूपीएसवर काही चांगले एसएमपीएस चालत नाहीत, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा आहे ना, हे विचारून घ्या. गेमिंग लॅपटॉपही वापरला. बॅटरीवर गेला की कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही आणि गेम अडखळतो. वीज गेल्यावर त्यावर पिक्चर बघता येतो, गेम नाही.

नाशिक

मी स्वतः खेळत नाही, पण घरातलं यंत्र सांभाळते मीच, म्हणून लिहिते. मुलं अकरा आणि चौदा वर्षांची. डिस्क नसलेलं छोटं कन्सोल घेतलं, कारण ते सगळ्यात स्वस्त होतं. पाचशे बारा जीबी लिहिलं होतं, प्रत्यक्ष वापरायला साडेतीनशेच्या आसपासच मिळाली. एकेक गेम शंभर जीबीचा. त्यामुळे दर रविवारी कुठला गेम काढायचा यावर दोघांची बैठक बसते.

पण मला ते हॉलमध्ये आहे हेच आवडतं. मुलं काय खेळतात, कोणाशी बोलतात, हे येता-जाता कानावर पडतं. वेळेची मर्यादा फोनवरून लावता येते. दोन कंट्रोलर आहेत, म्हणून दोघं शेजारी बसून खेळतात. त्यांच्या मामाकडे पीसी आहे, तिथे एक खेळतो आणि दुसरा वाट बघतो. अडचण एकच, टीव्ही. साडेसात ते नऊ सासूबाईंच्या मालिका असतात आणि त्या वेळेला हात लावायचा नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे. तुमच्याकडे टीव्ही एकच असेल तर आधी याचा विचार करा.

कोल्हापूर

ॲनिमेशन शिकतोय. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करायला, म्हणजे शेवटची चित्रं तयार करून घ्यायला, ग्राफिक्स कार्ड लागतंच. घरी 'गेमसाठी' म्हणून मागितलं असतं तर मिळालं नसतं, अभ्यासासाठी म्हणून मिळालं आणि ते खरंही होतं. दिवसा रेंडर, रात्री गेम. मुलगा पुढे काय शिकणार आहे, हे लिहिलं नाहीत.

मडगाव

माझं वय अठ्ठावन्न. फ्लाइट सिम्युलेटर एवढा एकच गेम खेळतो. तो कन्सोलवरही आला आहे, पण मला जॉयस्टिक, थ्रॉटल, पेडल सगळं लावायचं होतं, त्यामुळे पीसी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना एक सांगतो: खाऱ्या हवेने मागच्या पोर्टांना गंज चढतो. यंत्र खिडकीपासून लांब ठेवा.

न्यू जर्सी

दर दिवाळीला कोणीतरी सांगतं, येताना एक कन्सोल घेऊन ये. चार्जर-व्होल्टेजची काळजी नसते, पीएस ५ भारतातल्या विजेवर चालतो. पण वॉरंटी जिथे घेतलं तिथली राहते. आणि अमेरिकेतल्या डिस्कला भारतातल्या अकाउंटवरून घेतलेली जादा कथा, जादा पातळ्या बहुधा जोडल्या जात नाहीत.

दुसरं, थांबलं की स्वस्त होतं हा आपला जुना अनुभव या वेळी खरा ठरला नाही. पीएस ४ इथे २०१३ला ३९९ डॉलरला आला आणि तीन वर्षांत २९९वर उतरला. पीएस ५ २०२०मध्ये ४९९ला आला आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये ५० डॉलरनी महागला. पीसीवाल्यांचंही तेच. २०२५च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी वाढली आणि रॅमचे भाव चढले. घ्यायचंच असेल तर मुहूर्त बघत बसू नका.

पुणे, कोथरूड (पुन्हा)

विसरलोच. मुलाला जीटीए ६ खेळायचा आहे का? तो जाहीर झालाय पीएस ५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज कन्सोलसाठी. पाचवा भाग २०१३ला कन्सोलवर आला आणि पीसीवर यायला २०१५चा एप्रिल उजाडला. तेवढं थांबायची तयारी आहे का, ते त्यालाच विचारा.

मुंबई, गिरगाव (पुन्हा)

आणि त्याचे मित्र कशावर खेळतात, हे नक्की विचारा. व्हॅलोरंट २०२४मध्ये कन्सोलवर आला, पण कन्सोलवाला आणि पीसीवाला एका मॅचमध्ये येऊ शकत नाहीत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा चिरंजीवांना वाचायला दिला. त्याने वहीत मित्रांची नावं लिहिली, सात. पाच जण पीसीवर, एक कन्सोलवर, एक फोनवर. जीटीएसाठी थांबेन म्हणाला, मित्रांशिवाय खेळणार नाही. इंजिनीअरिंगला प्रवेश कुठे मिळतो ते अजून ठरायचंय, हॉस्टेल असेल तर टीव्ही नसणारच.

तेव्हा गिरगावकरांच्या वाटेने जातोय. आत्ता ग्राफिक्सवाला प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, साडेसहाशे वॅटचा चांगला एसएमपीएस आणि एक मॉनिटर. कार्डाचे पैसे बाजूला ठेवतो. प्रवेशाचं नक्की झालं की ते घेऊ आणि तो स्वतःच बसवेल. शनिवारी दोघं लॅमिंग्टन रोडला जातोय. प्रत्येक भागाचं नाव आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देणार नाही.