मदत हवी आहे: सरंजामशाही, भांडवलशाही, साम्यवाद, कामगाराचं शोषण मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी, परळच्या आमच्या ग्रुपमध्ये पुढच्या रविवारी या विषयावर मला बोलायचंय आणि डोक्याचं पार भजं झालंय.

सरंजामशाहीसाठी रशियातली भूदास पद्धत (शेतकरी जमिनीला नि जमीनदाराला बांधलेला) घ्यायच्या ऐवजी आपली कोकणातली खोतीच घेतेय, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदार खोताची पद्धत. कुळाने पिकवायचं, खोताने वाटा उचलायचा, वर त्याच्या शेतात वेठ, म्हणजे बिनपगारी सक्तीचं काम. म्हणजे फुकटचं काम कुठलं ते डोळ्यांना दिसायचं. १९३७ ला बाबासाहेबांनी विधिमंडळात खोतीविरुद्ध बिल आणलं, कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडलं. आणि तीच कोकणातली माणसं इथे गिरणीत आली, साच्यावर (कापड विणायच्या मागावर) उभी राहिली, पगार मिळायला लागला पण दिवसभराच्या कामातलं आपल्या पगारापुरतं किती नि मालकाच्या नफ्यासाठी किती ते कळायची सोयच नाही, मार्क्सचा मुद्दा साधारण हाच ना?

गाडी अडते ती साम्यवादावर, म्हणजे सोव्हिएत संघाच्या उदाहरणावर. मालक नाही, मग शोषण कोण करतं? तिकडे १९४० च्या हुकुमाने परवानगीशिवाय नोकरी सोडणं गुन्हा, वीस मिनिटं उशीर झाला तरी पगारातून कपात! सामूहिक शेतीवरल्या लोकांना तर १९७४ पर्यंत अंतर्गत पासपोर्टचा (देशातल्या देशात दुसरीकडे राहायला जायला लागणाऱ्या ओळखपत्राचा) हक्कच नव्हता, मग हे कुळापेक्षा वेगळं कसं? आमच्यातले एक काका म्हणतात घर, शाळा, दवाखाना मिळत होता ते पण हिशोबात धर. बरोबर आहे, पण धरायचं कसं?

तर मापदंड कुठला लावू, उत्पन्नातला वाटा की काम सोडून जायची मोकळीक? मराठीत काही वाचायला असेल तर प्लीज सुचवा. आणि कुणाच्या घरी खोतीच्या आठवणी असतील तर नक्की लिहा.