मदत हवी आहे: गोल्फचा चेंडू कुंपणाबाहेर कुणाला लागला तर भरपाई कोणाकडून?

गोल्फ कोर्सलगतच्या सोसायटीतर्फे क्लबला नोटीस द्यायची आहे. आधार १९२२ च्या इंग्लंडमधल्या निकालाचा: केंटमध्ये रस्त्यालगतच्या तेराव्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) आलेल्या चेंडूने टॅक्सीचालकाचा डोळा गेला. चेंडू वारंवार रस्त्यावर येत, म्हणून क्लब आणि खेळाडू दोघेही जबाबदार ठरले. समोरचा वकील बोल्टन विरुद्ध स्टोन (१९५१) काढणारच. तिथे क्रिकेटचे चेंडू ३० वर्षांत जेमतेम सहा वेळा रस्त्यावर गेले होते, दावा फेटाळला गेला. म्हणजे सगळी भिस्त वारंवारतेच्या पुराव्यावर: तारीखवार नोंदवही, सापडलेल्या चेंडूंचे फोटो, सीसीटीव्ही फुटेज. (चेंडू येतोय, सावध, या अर्थाने ‘फोर!’ ओरडलं की सुटलो, हा खेळाडूंचा लाडका गैरसमज.)

मारणारा ओळखता आला नाही, तर एकट्या क्लबवर दावा टिकतो का? आणि टीची दिशा बदलायला किंवा उंच जाळी लावायला भाग पाडणारा हुकूम भारतातल्या दिवाणी न्यायालयातून कुणी मिळवला आहे का?