मदत हवी आहे: सासूबाईंची जुनी शिवणाची पेटी बदलायचीय, आतलं सामान लावू कसं?

रानकेवडा, खानापूर

मंडळी, बेळगावजवळच्या खानापूरला राहते, म्हणजे पावसाळाभर इथं कपडे वाळत नाहीत आणि लोखंड कोरडं राहत नाही, हे आधीच सांगते कारण निम्मा प्रॉब्लेम त्याचाच आहे.

घरी सासूबाईंची शिवणाची लाकडी पेटी आहे, वरचा ट्रे उचलला की खाली खोल कप्पा. बिजागरी निसटलीय ते चाललं असतं पण आता खालून पिठासारखी बारीक भुकटी पडायलीय, फडताळ पुसलं की परत तेच. नवरा म्हणतो बिजागरी बदल बस, सासूबाई म्हणतात हात लावू नको, आणि मला वाटतंय की पेटीच बदलावी.

आत काय आहे ते विचारू नका, तरी सांगते. गंजून एकमेकाला चिकटलेल्या सुया, टाचण्या, टिचबटणं, हुक, नाडी, फॉलचे उरलेले तुकडे, चिकट झालेलं इलॅस्टिक, मशिनच्या सुया सगळ्या एकाच कागदात (कुठली कुठल्या नंबरची देव जाणे), अर्धवट भरलेली बॉबिनं, घरात आजवर फाटलेल्या प्रत्येक शर्टाची बटणं, त्यांच्या कसुतीच्या (आमच्याकडचं भरतकाम) दोऱ्यांच्या लड्या, आणि त्यात घरच्यांनी कोंबलेलं हेस्कॉमचं विजेचं बिल, रेशनकार्डाची झेरॉक्स, रिमोटचे सेल. कात्री तर पोरं क्राफ्टला नेतात आणि आणून परत त्यातच टाकतात.

ऑनलाइन ते पारदर्शक कप्प्यांचे डबे बघितले, लेबलं लावलेले, छान दिसतात. पण खरी अडचण अशी की सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही जवळचं नीट दिसत नाही आणि त्या सगळं हाताने चाचपून काढतात. मी शोधायला बसले की "काय शोधायलीस गं" म्हणून आतल्या खोलीतून येतात आणि न बघता काढून देतात. अजून घरातली सगळी उसवाउसव त्याच शिवतात. लेबलाचा त्यांना काय उपयोग?

तर नवीन डबा कुठला घेऊ, जुन्यातलं काय टाकू, आणि त्यांना सापडेल असं लावू कसं? बजेट हजाराच्या आतच.

कुंदाप्रेमी

बिस्किटाचा गोल पत्र्याचा डबा घ्या की, अख्ख्या देशात शिवणाचं सामान त्यातच असतं, बिस्किटं कोण खातं माहीत नाही 😀

रानकेवडा, खानापूर

@कुंदाप्रेमी तो पण आहे हो घरी, त्यात लोकर आहे.

टीपवाले, निपाणी

ताई, टेलरिंग केलंय म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आधी डबा विकत घेऊ नका. सगळं सामान जुन्या चादरीवर ओता आणि एकच बघा, गेल्या वर्षात सासूबाईंचा हात कशाकशाला लागला. सुई, चार रंगांचे दोरे, हुक, टिचबटणं, पांढरी शर्टाची बटणं, कात्री, टेप, झालं. एवढंच रोजच्या डब्यात. बाकी सगळा साठा, तो वेगळ्या डब्यात वर फडताळात गेला तरी कुणाचं अडत नाही. घरोघरी पेट्यांचा पसारा होतो तो डबा लहान असतो म्हणून नव्हे, दुरुस्ती आणि साठा एकाच ठिकाणी राहतो म्हणून, माझं तरी हेच मत आहे, पटलं तर घ्या.

दोरे तपासायचे म्हणजे हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचा. चांगला दोरा जोर मागतो, कुजलेला पुटकन तुटतो. सुती दोरा जास्त लवकर कुजतो, पॉलिस्टर टिकतं. पण रीळ लगेच फेकू नका, उजेड आणि दमट हवा वरच्या फेऱ्यांना आधी खाते, थोडे फेरे काढून परत ताणून बघा. तरी तुटला तर तो कच्च्या टाक्याला ठेवा, मशिनला लावू नका, नुसता वैताग येईल.

गंजलेल्या सुया टाका, त्यात काटकसर नको. वरवर डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने निघतो पण खड्डा पडला असेल तर ती सुई दोरा कापते आणि कपड्यावर तांबडा डाग सोडते ते वेगळंच. टाकताना औषधाच्या बाटलीत भरून झाकण चिकटपट्टीने बंद करा, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात.

मशिनच्या सुयांचं सोपं आहे. घरच्या मशिनची सुई वरच्या जाड भागाला एका बाजूने चपटी असते, पाकिटावर एचए×१ असतं. कारखान्यातल्या मशिनची वरून पूर्ण गोल, डीबी×१. ही अदलाबदल चालत नाही, जुन्या काळ्या मशिनमध्ये मात्र दोन्ही प्रकार बघितलेत, म्हणून आत्ता लावलेली सुई काढून ताडा. नंबर त्या जाड भागावर कोरलेला असतो, भिंगातून वाचा. ११ पातळ कापडाला, १४ आणि १६ रोजच्या सुतीला, १८ जीन्सला. हाताच्या सुईचं मात्र उलटं, नंबर वाढला की सुई बारीक. टोक नखावरून फिरवून बघा, खरवडलं तर टोक गेलंय.

टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघा, जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असते आणि मग ब्लाऊज का बिघडला म्हणून टेलरशी भांडण. इलॅस्टिक आणि रबरबँड पहिल्यांदा बाहेर काढा, ते विरघळल्यासारखे होऊन शेजारच्या वस्तूला चिकटतात. आणि कात्री कागदाला लावायची नाही म्हणजे नाही, पोरांना वेगळी घेऊन द्या.

मेंथी_टाका, शहापूर बेळगाव

वहिनी, कसुतीच्या लड्या टाकू नका हं! इरकलवर घरातलं जुनं काम असेल तर पुढे कधी नेगी किंवा मेंथीचा टाका निसटला की त्याच रंगाचा दोरा लागतो, आणि तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही. फक्त वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा रंग सुटतो का, जुना लाल आणि काळा हमखास सुटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळा.

पिनकुशन घरीच करा. आतला स्पंज ओल धरतो. आमच्याकडे घोंगड्याचा तुकडा भरतात, मेंढीच्या लोकरीला स्वतःचं थोडं तेल असतं त्यामुळे सुई बरी राहते. पण घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते ती आधी धुवून काढा, नाहीतर खळीला बुरशी येते, तुमच्या खानापुरात तर लगेच. पूर्वीच्या बायका विंचरलेले केस भरायच्या, तेही चालतात, मला किळस येते.

चाचपून सापडण्याबद्दल: रंग हाताला कळत नाही, बाकी सगळं कळतं. म्हणून बटणं स्टीलच्या वाटीत, हुक कापडी बटव्यात, टिचबटणं लाकडी डबीत, असं भांडंच वेगळं ठेवा. काळे दोरे एका बटव्यात आणि त्या बटव्यावर बाहेरून मोठं बटण शिवा, पांढऱ्याच्या बटव्याला काही नको. सुया ओवण्याचं काम घरातल्या पोरांचं, रविवारी फ्लॅनेलच्या तुकड्यावर दहाएक सुया काळा-पांढरा-लाल दोरा ओवून टोचून ठेवायच्या, काळ्याची रांग डावीकडे. वरून खाच असलेल्या सुया पण मिळतात, दोरा वरून दाबला की नेढ्यात जातो, पण त्या खाचेत दोरा थोडा फाटतो, रोजच्या कामाला मला नाही आवडल्या.

सीमेवरचा

मसाल्याचा डबा कुणी सुचवण्याआधीच सांगतो, वाट्यांना झाकण नसतं, डबा एकदा कलंडला की सात वाट्यांची बटणं एक. हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट ठेवायचे कप्प्यांचे डबे मिळतात, बेळगावच्या खडे बाजारात चौकशी करा. घेताना दुकानातच थोडे स्क्रू घालून उलटा हलवून बघा. आतल्या भिंती झाकणाला टेकत नसतील तर एका कप्प्यातलं दुसऱ्यात जातं. साठ्याला हा डबा भारी.

आणि ती भुकटी. पेटीखाली काळा कागद घालून काही दिवस हलवू नका. कागदावर नवी भुकटी आली तर किडा अजून आत आहे. मग पेटी इतर लाकडी सामानापासून लांब ठेवा, हार्डवेअरमध्ये लाकडाच्या किड्याचं औषध मिळतं ते सिरिंजने भोकाभोकात सोडायचं, हातमोजे घालून, आणि वास जाईपर्यंत आत दोरा-कापड ठेवायचं नाही. लाकूड आतून पोकळ लागलं तर मात्र जीव गुंतवू नका.

रानकेवडा, खानापूर

बापरे, एवढं सगळं! काळा कागद घातला होता, भुकटी आली. त्यामुळे पेटी मागच्या पडवीत गेली, औषध नवरा सोडणार आहे, बिजागरी तोच बदलणार म्हणतोय म्हणून तोही खूश.

चादरीवर ओतलं तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या आणि टीपवाले काका म्हणाले तसं "गेल्या वर्षात कशाला हात लागला" विचारलं तर त्यांनी भराभर वेगळं काढून दिलं, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी निघालं. रोजच्याला जुना पितळी डबा घेतलाय, वाटी-बटवा पद्धत त्यांना पटली, पण एक बदल त्यांनीच केला. कात्री डब्यात नको म्हणाल्या, कारण हात घालताना टोक लागतं. ती आता मशिनच्या खिळ्याला नाडीने बांधलीय आणि नाडी इतकी आखूड की पोरांना क्राफ्टच्या टेबलापर्यंत नेता येत नाही. 😂

डबा बंद ठेवायचा म्हणजे ओल आत कोंडणार, म्हणून बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकलीय. ती पांढरी आहे, कधी बदलायची कसं कळणार?

सीमेवरचा

पांढरी रंग बदलत नाही, त्यामुळे बघून कळणार नाही. निळी येते ती ओल धरली की गुलाबी होते पण ती लहान पोरांच्या घरात नको, रंगासाठी घातलेलं केमिकल विषारी असतं. पांढरीच ठेवा, जूनमध्ये दोन नव्या टाका आणि सोबत एक नवी कोरी सुई मुद्दाम सुटी ठेवा, तिला डाग दिसला की पुडी बदला.

मेंथी_टाका, शहापूर बेळगाव

वहिनी, बेळगावला याल तेव्हा लड्या घेऊन या, लाल रंग जुळवायला गणपत गल्लीत जाऊ. सुटा तुकडा आणू नका, अख्खी लडी आणा, उन्हात आणि ट्यूबखाली दोन्हीकडे बघावा लागतो.